पोळपाट, लाटणं आणि संगणकातली कुलपं

‘आयटीत आहे’ एवढं सांगितलं की आपल्या मंडळींत पुढचा प्रश्न सहसा येत नाही. निम्मे लोक स्वतःच आयटीत असतात आणि उरलेल्या निम्म्यांच्या घरात कोणीतरी असतंच. पण आयटी म्हणजे काही एकच धंदा नव्हे. कोणी बँकांची सॉफ्टवेअरं लिहितो, कोणी विमा कंपन्यांचे हिशेब सांभाळतो, कोणी नुसत्या मीटिंगाच करतो. माझं काम मात्र तळघरातलं आहे. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो, ज्याला कर्नल म्हणतात, त्यातला डिस्कवर माहिती लिहिणारा आणि वाचणारा भाग तपासायचा, आणि तो चालता चालता थिजला तर का थिजला ते शोधून काढायचं. यंत्र बिघडलं तर निदान काहीतरी तुटलेलं सापडतं. थिजलेल्या यंत्रात सगळं धडधाकट असतं आणि तरी काहीच हलत नाही. या थिजण्यावर माझं पोट चालतं, तेव्हा त्याबद्दलच चार शब्द लिहावे म्हटलं.

घाबरू नका, गणित नाही. आपल्या गणपतीच्या आदल्या रात्रीचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, दोनशे माणसांच्या पुरणपोळ्या करायच्या, हात पुष्कळ, पण पोळपाट एक आणि लाटणं एक, कारण बाकीचे कोणाच्या तरी गाडीच्या डिकीत राहिले आहेत. एका वहिनींनी पोळपाट घेतला. त्याच क्षणी पलीकडून एका मावशींनी लाटणं उचललं. वहिनी म्हणतात, लाटणं मिळालं की दोन पोळ्या लाटते आणि दोन्ही देते. मावशी म्हणतात, पोळपाट मिळाला की मीही तेच करते. दोघींचंही म्हणणं रास्त. कोणी चुकलेलं नाही, कोणी भांडत नाही, आणि तव्यावरून धूर निघायला लागला तरी पोळी काही पडत नाही.

खऱ्या स्वयंपाकघरात एखाद्या आजी येतात, ‘अगं, दे ते लाटणं इकडे!’ म्हणून ओरडतात आणि प्रश्न सुटतो. संगणकात आजी नसतात. तिथल्या वहिनी आणि मावशी वीज बंद होईपर्यंत एकमेकींची वाट बघत उभ्या राहतात. याला आमच्या धंद्यात डेडलॉक म्हणतात. उपाय सांगायला सोपा आहे. नियम करायचा, की सगळ्यांनी आधी पोळपाट घ्यायचा आणि मगच लाटण्याला हात लावायचा. ज्यांच्याकडे पोळपाट नाही त्यांनी लाटण्याकडे बघायचंही नाही. हा क्रम सर्वांनी पाळला, तर अशी कोंडी होऊच शकत नाही. हे कोड घातलं ते एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने, 1965 साली, विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी. एका टेबलाभोवती बसलेले पाच तत्त्वज्ञ आणि पाच काटे, हे त्याचं आज सर्वत्र शिकवलं जाणारं रूप नंतर टोनी होअरने दिलं. मूळ प्रश्नात होते टेप ड्राइव्हसाठी अडून बसलेले संगणक. म्हणजे या दुखण्याचा जन्मच मुळी माहिती साठवण्याच्या यंत्रांतला.

तुम्ही विचाराल, मग कुलपं हवीतच कशाला? कारण आता प्रत्येक यंत्रात अनेक प्रोसेसर एकाच वेळी काम करतात. डिस्कवर कोणती जागा मोकळी आहे याची एक यादी असते. दोन प्रोसेसरांनी ती यादी एकाच क्षणी वाचली, तर दोघंही तीच जागा मोकळी समजून दोन वेगवेगळ्या फायलींना देऊन टाकतील. मग एकाचं आयकर विवरणपत्र उघडलं की त्यात दुसऱ्याच्या लग्नाचे फोटो! म्हणून यादीला हात लावण्याआधी कुलूप घ्यायचं, काम झालं की सोडायचं.

लिनक्स या कर्नलमध्ये 1996 साली अनेक प्रोसेसरांची सोय झाली, तेव्हा अख्ख्या गाभ्याला मिळून एकच मोठं कुलूप होतं. त्याचं नावच ‘बिग कर्नल लॉक’. एका वेळी एकानेच स्वयंपाकघरात यायचं. यात गोंधळ कमी, पण रांग मोठी. पुढे त्याच्या जागी छोटी छोटी कुलपं बसवत नेली आणि 2011 साली शेवटचं मोठं कुलूप काढलं गेलं. एक कुलूप काढायला पंधरा वर्षं! मात्र आता एका मोठ्या कुलपाच्या जागी हजारो लहान कुलपं झाली, आणि त्यांचा क्रम काही कोटी ओळींच्या प्रोग्रॅममध्ये सर्वांनी सांभाळायचा, ही नवी जबाबदारी आली.

डिस्कच्या बाबतीत तर आणखी एक गंमत आहे. संगणकाची स्मृती भरत आली की कर्नल म्हणतो, स्मृतीत अडकलेली माहिती डिस्कवर लिहून टाकू, म्हणजे जागा होईल. पण डिस्कवर लिहायलाही थोडी स्मृती लागते, आणि लिहिणाऱ्याला एखादं कुलूपही लागतं. समजा, फाइल सिस्टिमचं कुलूप हातात धरूनच कोणी स्मृती मागितली, आणि ती मोकळी करण्यासाठी त्याच फाइल सिस्टिमकडे जावं लागलं, तर तो गडी स्वतःच धरलेल्या कुलपासाठी स्वतःचीच वाट बघत बसतो. घराची किल्ली खिशात ठेवून दारावरची बेल वाजवत राहावं, तसा प्रकार.

हे सगळं तपासायचं कसं? त्यासाठी तयार चाचण्यांचे संच आहेत. एक्सएफएसटेस्ट्स नावाचा संच मुळात सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने आपल्या एक्सएफएस या फाइल सिस्टिमसाठी केला होता. आज लिनक्समधल्या बहुतेक प्रमुख फाइल सिस्टिम त्यावरच घासून बघतात. 2017 साली खालच्या थरासाठी, म्हणजे प्रत्यक्ष डिस्कशी बोलणाऱ्या भागासाठी, ब्लॉकटेस्ट्स आला. या चाचण्या म्हणजे शुद्ध दांडगाई असते. शेकडो फायली बनवा, निम्म्या पुसा, नावं बदला, आणि हे चालू असतानाच डिस्क काढून घेतल्याचं सोंग करा. रात्रभर हेच. सकाळी बघायचं, कोण जिवंत आहे.

आता प्रत्यक्ष केस सांगतो. माझ्या एका क्लायंटचा धंदा बॅकअपची यंत्रं विकण्याचा. त्यांच्या एका गिऱ्हाइकाकडे, म्हणजे एका रुग्णालयात, असं यंत्र एका रात्री थिजलं. स्कॅनच्या प्रतिमा यंत्राने स्वीकारल्या होत्या, पण त्या अजून स्मृतीतच होत्या, डिस्कवर पोचल्या नव्हत्या. तिथल्या माणसाने तासभर वाट पाहिली आणि मग कोणीही केलं असतं तेच केलं. बटण दाबून यंत्र बंद केलं. स्मृतीत होतं ते गेलं. त्यात एका वृद्ध बाईंचा स्कॅन होता, आणि त्यांना दुसऱ्यांदा यावं लागलं. तक्रारीच्या कागदात याबद्दल फक्त एक ओळ होती. पण ज्यांनी आपल्या आईवडिलांना व्हीलचेअरवरून रुग्णालयात नेलं आहे, त्यांना त्या एका ओळीचा अर्थ मी सांगायला नको.

क्लायंटच्या स्वतःच्या चाचण्यांतही तीन-चार रात्रींतून एकदा यंत्र थिजत होतं. म्हणून मला बोलावलं. चाचण्या चालवणारा गट पुण्यात, क्लायंट अमेरिकेत, आणि मी मधल्या मध्ये दोन्हीकडच्या रात्री जागवणारा.

थिजलेल्या यंत्रावर पहिली पाहणी सोपी असते. कामांची यादी काढली की अडकलेल्या कामापुढे ‘डी’ हे अक्षर दिसतं. ‘डी’ म्हणजे असं काम, की ज्याला झोपेतून उठवता येत नाही. त्याला मारून टाकायची आज्ञा दिली तरी ते मरत नाही, कारण आज्ञा ऐकायलाही आधी जागं व्हावं लागतं. कर्नल स्वतःही पहारा देत असतो. एखादं काम 120 सेकंदांहून जास्त असं अडकलं, की तो तक्रार लिहितो. पण इथेच नवशिके फसतात. तक्रारीत नाव असतं ते बहुधा अडलेल्याचं, अडवणाऱ्याचं नव्हे. आमच्याकडे एका रात्रीत एकतीस कामांबद्दल तक्रारी होत्या. त्यांतली एकोणतीस नुसती रांगेत उभी होती, लोकलच्या तिकीट खिडकीसमोर असावीत तशी. रांगेतल्या माणसांची कितीही चौकशी करा, खिडकी का बंद आहे ते त्यांना माहीत नसतं.

म्हणून मी कागद घेतो. खरोखरचा कागद आणि पेन्सिल. प्रत्येक कामासाठी एक वर्तुळ, आणि ते ज्याच्यासाठी थांबलं आहे त्याच्याकडे एक बाण. बाणांमागून चालत गेलं की कुठेतरी ते फिरून त्याच वर्तुळापाशी येतात. तिथे कोंडी असते. या वेळी मात्र बाण फिरून आले नाहीत. सगळे एका कामापाशी येऊन थांबले. ते काम होतं डिस्क काढून टाकण्याचं. त्याने डिस्कचं कुलूप धरलेलं होतं, पण स्वतः ते कुठल्याच कुलपासाठी थांबलेलं दिसत नव्हतं. नुसतं ‘मागची कामं संपू देत’ म्हणत बसलं होतं.

अशा वेळी मदतीला असतो लॉकडेप. 2006 साली इंगो मोल्नार आणि आर्यन व्हॅन डे व्हेन यांनी लिनक्समध्ये घातलेला हा तपासनीस. माझ्या मते कर्नलच्या दुनियेतली ही सर्वांत हुशार कल्पनांपैकी एक आहे. तो कोंडी होण्याची वाटच बघत नाही. कोणी पोळपाट हातात असताना लाटणं घेतलं की तो वहीत लिहितो: ‘पोळपाट, मग लाटणं’. तीन तासांनी दुसऱ्या कोणी, स्वयंपाकघरात एकटं असताना, आधी लाटणं आणि मग पोळपाट घेतला, तरी हा लगेच ओरडतो. त्या दिवशी कोंडी झालेली नसते, दोघींची गाठही पडलेली नसते. पण ज्या दिवशी पडेल त्या दिवशी होईल, हे त्याने ओळखलेलं असतं. म्हणजे दोन्ही वाटा एकेकदा चालून दाखवल्या की पुरे, नेमका तो दुर्मीळ क्षण जुळून यायला नको. तो असंख्य कुलपांची वेगवेगळी नोंद ठेवत बसत नाही, त्यांच्या जाती लावतो. सगळे पोळपाट मिळून एक जात. म्हणूनच एवढा हिशेब त्याला झेपतो. तरी त्याच्यामुळे यंत्र मंदावतं, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या यंत्रात तो नसतो, चाचणीच्या यंत्रात असतो.

मग आमच्या चाचण्यांत लॉकडेप चालू असताना तो गप्प का? हाच प्रश्न मी पुण्याच्या गटातल्या एका मुलीला फोनवर विचारला. वर्षभरापूर्वी कॉलेजातून बाहेर पडलेली, पण कामाला चोख.

“सर, लॉकडेपची एक वॉर्निंग येते, पण ती नेहमीचीच आहे. यंत्र सुरू झालं की पाच मिनिटांत येते. मी जॉइन झाले तेव्हाच सगळ्यांनी सांगितलं होतं, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस म्हणून.”

“बरं. पण त्या वॉर्निंगनंतर लॉकडेपची दुसरी कुठली ओळ दिसते का? सकाळपर्यंतचा सगळा लॉग बघ.”

दहा मिनिटं नुसता कळफलकाचा आवाज. मग ती म्हणाली, “सर, एक ओळ आहे. प्रत्येक रात्री आहे. थिजल्याची तक्रार आली की तिच्या खाली आहे. ‘लॉकडेप इज टर्न्ड ऑफ’.” आणि क्षणभर थांबून, “म्हणजे सर, हा रात्रभर झोपलेलाच असतो?”

अगदी तसंच होतं. लॉकडेपचा स्वभाव असा, की पहिली तक्रार केली की तो स्वतःला बंद करून घेतो. त्यामागे कारण आहे. एकदा क्रम बिघडलेला दिसला की पुढच्या नोंदींवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून एक तक्रार, आणि मग पुढचं बूट होईपर्यंत मौन. त्यांच्याकडची ती नेहमीची वॉर्निंग खरं तर निरुपद्रवी होती. एकावर एक रचलेल्या दोन डिस्कांची कुलपं एकाच जातीची असल्यामुळे लॉकडेपला वाटायचं, की हा गडी तेच कुलूप दुसऱ्यांदा मागतोय. प्रत्यक्षात एक वरच्या मजल्याचं होतं, एक खालच्या. पण त्या खोट्या हाकेपायी पहारेकरी पहिल्या पाच मिनिटांतच घरी जात होता, आणि सगळे समजत होते की रात्रभर पहारा आहे.

मी आधी त्या निरुपद्रवी वॉर्निंगचा बंदोबस्त केला. वरचं आणि खालचं कुलूप वेगळं आहे हे लॉकडेपला समजावून सांगण्याची सोय असते, ती वापरली. दोन ओळींचं काम. क्लायंटच्या मॅनेजरला ते फारसं रुचलं नव्हतं. खरा बग सोडून हा खोट्याच्या मागे काय लागलाय, असं त्याला वाटलं. त्याच्या डोक्यात दुसरे उपाय होते. 120 सेकंदांची मर्यादा 600 करावी, म्हणजे तक्रारी कमी येतील. किंवा ती चाचणीच यादीतून वगळावी, म्हणजे अहवाल हिरवा दिसेल. दोन्ही उपाय मी नम्रपणे नाकारले. ताप मोजायचं थर्मामीटर फोडून ताप उतरत नाही, असं इंग्रजीत कसं म्हणायचं ते मला त्या वेळी सुचलं नाही, पण त्या रुग्णालयाच्या तक्रारीचा कागद पुढे सरकवला आणि तेवढं पुरलं.

दुसऱ्याच रात्री, यंत्र थिजण्याआधीच, लॉकडेपने खरी तक्रार दिली. साखळी स्पष्ट होती. डिस्क काढणारं काम डिस्कचं कुलूप धरून मागे राहिलेली फुटकळ कामं संपायची वाट बघायचं. त्या फुटकळ कामांत एक होतं डिस्कची क्षमता पुन्हा तपासण्याचं, आणि त्याला हवं होतं तेच कुलूप. माझ्या कागदावरचा बाण फिरून आला नव्हता तो यामुळे, की एका बाजूची वाट कुलपाची नव्हतीच. ‘काम संपू दे’ ही वाट कुलपांच्या हिशेबात दिसत नाही. लॉकडेप मात्र अशा वाटेलाही एक कुलूपच मानून वहीत लिहितो. बहुतेक रात्री क्षमता तपासण्याचं काम आधीच उरकलेलं असायचं, म्हणून काही होत नसे. तीन-चार रात्रींतून एकदा ते नेमकं मागे राहायचं, आणि मग दोघं एकमेकांचं तोंड बघत बसायचे. दुरुस्ती तीन ओळींची झाली. आधी कुलूप सोडायचं, मग वाट बघायची.

या प्रकारच्या दुखण्याची सर्वांत प्रसिद्ध केस मंगळावरची आहे. 4 जुलै 1997 रोजी नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि थोड्याच दिवसांत त्याचा संगणक अधूनमधून स्वतःला नव्याने सुरू करू लागला. दर वेळी त्या दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर जायचं. कारण काय, तर हवामानाची नोंद घेणाऱ्या एका कमी महत्त्वाच्या कामाने एक कुलूप धरलेलं असायचं. तेच कुलूप एका अतिमहत्त्वाच्या कामाला हवं असायचं. आणि मधल्या दर्जाची कामं त्या गरीब हवामानवाल्याला पुढे सरकूच द्यायची नाहीत. इथे कुलपं एकमेकांत अडकली नव्हती, पण परिणाम तोच. शेवटी पृथ्वीवरूनच एक बदल पाठवला: ज्याच्याकडे कुलूप आहे त्याला, त्याच्यामागे थांबलेल्या मोठ्या माणसाचा मान तात्पुरता द्यायचा, म्हणजे तो लवकर मोकळा होईल. यान सुधारलं. मला मात्र त्या हकिकतीतला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. हे असं नव्याने सुरू होणं उड्डाणाआधी, जमिनीवरच्या चाचण्यांतही दिसलं होतं. पण पुन्हा घडवून बघायला गेलं की घडायचं नाही, म्हणून ते मागे पडलं.

चाचणीत एकदाच दिसलेलं काहीतरी, आणि नेहमीच दिसतं म्हणून न दिसणारं काहीतरी, या दोन्हींशी कसं वागायचं, हेच या धंद्यातलं खरं कौशल्य आहे. प्रोग्रॅमिंग त्यानंतर येतं. मास्टर्स करताना कोंडीची व्याख्या मी पाठ केली होती. तिच्यासाठी लागणाऱ्या चार अटीही परीक्षेत लिहिल्या होत्या. ‘लॉकडेप इज टर्न्ड ऑफ’ ही ओळ वाचून थबकायचं, हे कुठल्या पुस्तकात नसतं. आपल्या मुलांपैकी अनेक जण आज याच क्षेत्रात येत आहेत, त्यांना एवढंच सांगेन. लिनक्सचा गाभा आणि त्याच्या चाचण्या सगळ्यांना खुल्या आहेत. घरच्या जुन्या लॅपटॉपवर लॉकडेप चालू करून बघा. आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी कोणी म्हणालं, ‘ही वॉर्निंग नेहमीचीच आहे’, तर आदराने मान डोलवा आणि दुपारी ती वॉर्निंग नीट वाचा.

क्लायंटकडे आता नियम झाला आहे. लॉकडेपने काहीही म्हटलं, खरं किंवा खोटं, की त्या रात्रीची चाचणी नापास. पहिल्या महिन्यात यामुळे बराच आरडाओरडा झाला, कारण आणखी दोन नेहमीच्या वॉर्निंगा निघाल्या. त्यांतली एक खरोखरच खोटी होती. दुसरी खरी होती. ती पुण्याच्या त्या मुलीने शोधली, दुरुस्तही केली, आणि मला फक्त वाचायला पाठवली. सोबत तिने हाताने काढलेल्या वर्तुळांचा आणि बाणांचा फोटो होता. शेवटचा बाण पहिल्या वर्तुळापाशी बरोबर येऊन मिळालेला.